मंडळाची सव्वीस चित्रं

“सव्वीस?” मधुकरने पुन्हा विचारलं.

“सव्वीस,” गुप्तेसाहेब म्हणाले. “पंधरा दिवसांत जमेल का, पेडणेकर?”

खलाशी कल्याण मंडळाचे हे चिटणीस एरवी चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. आज ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या डोक्यामागे मूळ चित्र टांगलेलं होतं. कुणा गोऱ्या चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी जलरंगात काढलेली मंडळाची इमारत, दोन मजली, वर निशाणाची काठी आणि पायऱ्यांना टेकलेला समुद्र. आता त्या जागी ट्रक उभे असतात.

गेली सहा वर्षं मधुकर या चित्राच्या हुबेहूब नकला करून देत होता. कधी एक, कधी दोन. चित्रं झाली की साहेब नुसत्या नावा-गावांची चिठ्ठी देत आणि तो खाली बारीक ब्रशने नाव लिही. निवृत्त होणाऱ्या खलाशांना देत असणार. कारखान्यात नाही का, घड्याळ देतात? हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण यात सांगण्यासारखं होतं काय?

“नावं?” त्याने विचारलं.

“अजून यायचीत. तुम्ही सुरू करा.”

वाशीच्या बसमध्ये मधुकरला कधी एकदा घर येतंय असं झालं. त्याचा मुलगा सुधीर दोन वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला लागला होता. बापाच्या ब्रशवर घर चालेना म्हणून. पोराचा हात बापापेक्षा चांगला, आणि तो तिकडे डेक धुतोय, हे मधुकरला फार लागायचं. काम वाढवायचं आणि त्याला घरी आणायचं, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता; काम वाढतंय, परत ये, असं तो दर पत्रात लिहायचा.

“अगं, सव्वीस!” दारातूनच तो ओरडला.

“एकदम एवढे निवृत्त कसे झाले?” त्याच्या बायकोने, अरुणाने विचारलं.

“ऑफिसचा कारभार! तुंबलं असेल.”

“मला नाही बाई ते चित्र आवडत. एवढ्या खिडक्या, आणि माणूस एक नाही.”

मधुकरने तिचं बोलणं कानाआड केलं. सुईने भोकं पाडलेला जुना खाका कागदावर ठेवून तो वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटू लागला. एकेक इमारत कागदावर उमटू लागली.

दहाव्या चित्राला त्याचा हात थरथरला. खिडकीची रेघ वाकडी गेली. त्याने तो कागद फाडला आणि हाताखाली काठी टेकवून पुन्हा बसला. साहेबांच्या लक्षात आलं तर काम दुसऱ्याला जाईल. मग सुधीरला कुठल्या तोंडाने बोलवायचं? त्याला खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी दिवाळे गावची गोजरा कोळीण बोंबील घेऊन दारात आली. मधुकरला सहज आठवलं.

“तुमच्या गावात पंढरी तांडेल आहेत ना? त्यांच्याकडे माझं चित्र आहे. बिल्डिंगचं.”

गोजराचा हात टोपलीतच थांबला. “तां चित्र तुमी कारला?”

“मीच. का, कसं वाटलं?”

“त्याचे आयशीनं भिंतीकरं तोंड करून ठेवलाय,” ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. बोंबील द्यायचेच राहिले.

“कदर नाही लोकांना,” मधुकर दिवसभर धुसफुसत होता.

दुसऱ्या दिवशी सुधीरचं पत्र आलं. बंदरातून सुटण्याच्या आदल्या दिवशी टाकलेलं, तीन आठवडे फिरत आलेलं. ‘बाबा, काम खरंच एवढं असेल तर ही माझी शेवटची फेरी.’ अरुणाने पत्र देवापुढे ठेवलं आणि डोळे पुसले. मधुकरने लगेच उत्तर लिहिलं : सव्वीस आहेत, तू येच.

पंधराव्या दिवशी तो सगळी चित्रं घेऊन मंडळात हजर झाला. गुप्तेसाहेबांनी उठून खोलीचं दार लावलं.

“बसा, पेडणेकर. चित्रं तिकडे ठेवा.”

“नावं आली का, साहेब? ब्रश आणलाय.”

“आली. आज सकाळीच आली.” साहेबांनी टेबलावरच्या कागदावर हात ठेवला. “या वेळी नावं दुसरा कुणी लिहील.”

“माझं काही चुकलं का?”

“नाही हो.”

“मग हात थरथरतो म्हणून? साहेब, निरखून एकेक बघा. एक रेघ हललेली नाही.”

“तुमच्याबरोबर कोण आलंय?” साहेबांनी विचारलं. “मिसेस घरी एकट्याच आहेत का? मी टॅक्सी सांगितलीय. वाशीपर्यंत मी येतो तुमच्याबरोबर.”

एवढी गोडी म्हणजे काम गेलंच, मधुकरने ओळखलं. “या कामाच्या भरवशावर मी पोराला घरी बोलावलंय, साहेब. असं करू नका.”

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. तेवढ्यात मधुकरने त्यांच्या हाताखालचा कागद ओढून घेतला. “इथे, तुमच्यासमोर लिहून दाखवतो,” तो म्हणाला आणि त्याने ब्रश काढला.

कागदावर सगळ्यात वर टाइप केलं होतं, ‘बोटीसह बुडालेले. शिरस्त्याप्रमाणे प्रत्येकाच्या घरी एक चित्र पोचवावे,’ आणि त्याखाली सातवं नाव होतं, सुधीर मधुकर पेडणेकर, वाशी.