डावी पापणी

"कपाळाला आठ्या घाला, काका."

मारुतरावांनी भुवया वर केल्या. उजवी चढली, डावी जागची हलली नाही. शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, तोंडाला पदर लावला. डॉक्टर प्राजक्ताबाईंचा चेहरा मात्र सैल झाला. तरी त्यांनी दोन्ही हात उचलायला लावले, चार वाक्यं बोलून घेतली, कानात बॅटरी मारून बघितलं.

"मेंदूचा झटका दिसत नाही. त्यात कपाळ बहुतेक हलतं. ही चेहऱ्याची नस सुजलीय. कधीपासून?"

"काल सकाळधरनं," मारुतराव अर्ध्या तोंडानं बोलले. "चाकणला कांदा बाजारात चूळ भरली, तर पाणी सगळं गालावरनं खाली. लोक म्हनले, वारं लागलं, तेल चोळा."

"लवकर आलात हे बरं केलंत. साखरेचा त्रास नाही ना? नाही? मग गोळ्या आजपासून. तोंड बहुतेकांचं सरळ होतं, पण दिवस लागतात. मला काळजी आहे ती डोळ्याची."

डावा डोळा लालभडक झाला होता. कालपासून तो मिटलाच नव्हता, झोपेतसुद्धा. त्यात बाजारातली धूळ गेलेली.

"बुबुळावर ओरखडा आहे. डोळा असाच सुकत राहिला तर जखम वाढेल, नजर जाईल. दिवसा थेंब घालायचे. रात्री मलम लावून पापणी बोटानं खाली ओढायची, पूर्ण मिटली की वरून पट्टी. मावशी, माझ्यासमोर एकदा करून दाखवा."

छबूबाईंनी हात पदराखाली घेतला. "तुमीच लावा."

"आज मी लावीन. रोज रात्री कोण लावणार?"

"ह्यांचं हे लावतील की."

"स्वतःला अंदाज येत नाही. पापणी अर्धवट राहिली आणि पट्टी बुबुळाला घासली, तर आहे तेही जाईल."

छबूबाईंनी नकाराची मान हलवली. हट्ट म्हणावा तर हट्ट नव्हता. बाई घाबरली होती.

"मामंजींचे डोळे मीच मिटलेत, ह्या हातानं," त्या हळूच म्हणाल्या. "जित्या मानसाचा न्हाई मिटायची."

बाहेर नंबर लावून माणसं खोळंबली होती. "नजर जाईल, मावशी," प्राजक्ताबाईंनी पुन्हा सांगितलं. छबूबाईंना ते कळत होतं. म्हणूनच त्या रडायला लागल्या. हात काही वर येईना.

एरवी मारुतराव खेकसले असते. आज त्यांनी आपलं स्टूल पुढं ओढलं आणि तिच्यासमोर तोंड आणून बसले.

"अगं, एकच मिटायचाय. उजवा उघडा ठेवतो मी. त्यानं बघत ऱ्हातो तुझ्याकडं."

छबूबाईंनी नाक ओढलं. हात पदराला पुसला. डॉक्टरांनी मलम लावल्यावर छबूबाईंनी बोट डाव्या पापणीवर टेकवलं आणि ती खाली ओढली. पट्टी चिकटवताना दोनदा वाकडी गेली, तिसऱ्यांदा नीट बसली.

"झालं. छान लावलीत," प्राजक्ताबाई म्हणाल्या.

उजवा डोळा टक्क उघडा होता. त्यातून पाणी वाहायला लागलं होतं, तरी मारुतराव पापणी लवू देत नव्हते.