बाकं नेलेला वर्ग

पट कमी झाला म्हणून साहेब शाळा बंद करायला आले, तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकं टेंपोत चढली होती. वर्गात नुसती फरशी उरली होती.

"मुलंच नाहीत, तर शाळा कुणासाठी?" साहेब म्हणाले.

"आधी शिक्षक काढून घेतलेत, म्हणून मुलं गेली. आता वर मलाच विचारता?" बाई कडाडल्या आणि त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं.

त्याबरोबर आत, रिकाम्या वर्गात, बाकं सरकल्याचा आवाज झाला. बाई वर्गात शिरल्या की मुलं उभी राहताना व्हायचा, अगदी तसा.

साहेब हातातलं कुलूप घेऊन दारापासून मागे सरले. "आत कोण आहे?"

सवयीने बाई ओरडल्या, "खाली बसा!"

कुणीच बसलं नाही. पावलं दाराशी आली आणि आतून कडी लागली.