चार मिनिटांची आंघोळ

न्यूझीलंडमधल्या टौरंगात क्षितिजच्या घरी रोज सकाळी गरम पाणी संपायचं, आणि आरोपी ठरलेलाच: पुण्याहून आलेले बाबा, गोविंदराव. बाथरूममध्ये अर्धा-अर्धा तास! मग या आयटीवाल्या सुपुत्राने मुलीला स्थळ बघावं तसे तीन वीकेंड रिव्ह्यू चाळले आणि एक वॉटरप्रूफ डिजिटल टायमर शॉवरशेजारी चिकटवला. "बाबा, चार मिनिटं. बीप वाजला की पाणी बंद. ओके?"

पोटच्या पोराने आंघोळीला घड्याळ लावावं! गोविंदरावांनी आत जाऊन टायमरचं बटण दाबलं. टायमर बोंबलला तसं क्षितिजने दार बडवलं, "बाबा, शॉवर बंद करा!"


"कसा करू?" आतून आवाज आला. "आल्यापासून मी बादलीभर पाण्यात आंघोळ करतोय. तुझा शॉवर चालू कसा होतो, तेच मला ठाऊक नाही!"