खरं पाकीट

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाई खून झालेल्या मुलाच्या आईला दोन वर्षं एकच सांगत आल्या होत्या, "मावशी, त्याच्या कपड्यांचं पाकीट रांगेत आहे. भलत्याच हातानं सील तुटलं, तर कोर्टात खुनी सुटेल. नंबर लागू द्या."

मग वरिष्ठांच्या कृपेने एका गुन्हेमालिकेचं चित्रीकरण त्याच प्रयोगशाळेत झालं. बाईंना त्या दिवशी सक्तीची सुट्टी मिळाली. दिग्दर्शक वास्तवाचा कट्टर उपासक, त्यामुळे सामानवाल्याने बनवलेली पाकिटं त्याला खोटी वाटली. "अरे, कपाटात खरी पाकिटं धूळ खात पडलीत की! घे त्यातलं एक." नायकाने ते ऐटीत फाडलं, आतला शर्ट दिव्यासमोर धरला आणि पुढच्या जाहिरातीआधी खुनी गजाआड केला.

तो भाग टीव्हीवर लागला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मावशी बाईंच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या, दोन वर्षांत प्रथमच हसऱ्या चेहऱ्याने.



"काल पाहिलं हो, बाई! निळ्या शर्टाला ते काळं बटण मीच लावलं होतं. लागला एकदाचा माझ्या लेकाचा नंबर!"