रुसव्याचं ताट

पंगत बसली, वाढून झालं, आणि नवरदेव रुसला.

यात नवल काही नव्हतं. सुपारी फुटली त्याच दिवशी हळद कोणाकडची, रुखवतात काय, वरात कुठून, फेट्याचा मान आधी कोणाला, सगळं ठरलं होतं. दोन सालांमागं नवं राज्य झालं, त्याच्या सीमा ठरवायलाही एवढी घासाघीस झाली नसेल. तेव्हाच हेही ठरलं होतं की नवरा-नवरीला एकच ताट मांडायचं, त्यावर नवरदेवानं रुसायचं, सासऱ्यानं मनगटी घड्याळ द्यायचं, मग त्या ताटातला घास उचलला की पंगतीनं अन्नाला हात लावायचा.

डोणगावच्या मोतीरामांनी घड्याळ दिलं. नवरदेव हिंमतराव मान खाली घालून बसलेलाच.

मोतीरामांनी सायकल कबूल केली. तरी घास उचलेना. वरणावर साय धरली. बुंदीच्या लाडवांवर टपलेल्या माशा वाट पाहून दुसऱ्या आळीतल्या मांडवात जेवायला गेल्या. पंगतीमागं ओळीनं बसलेल्या कुत्र्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्यानं जांभई दिली आणि तो घरी गेला.

“जावाईबापू, आता अजून काय देऊ हो?” मोतीराम रडकुंडीला आले. “तोंड तं उघडा!”

पण रुसलेल्या नवरदेवानं बोलायचं नसतं. रीत आहे.

शेजारी बसलेल्या नवरीच्या, सत्यभामेच्या पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नव्हता. बाशिंगाआडून ती पुटपुटली, “काय पाह्यजे तरी काय तुम्हाले?”

“काहीच नाही,” हिंमतराव ओठ न हलवता म्हणाला. “मामा म्हने, मी खाकरल्याबिगर घास उचलू नको.”

“मंग खाकरत काऊन नाहीत?”

“सौदा जमला नसन अजून.”

सत्यभामेनं मांडवाच्या फटीतून पाहिलं. नवरदेवाचे मामा उकंडराव मांडवामागं बैलबंडीत पाठ फिरवून बसले होते. गडबडीत मोतीरामांनी त्यांच्याऐवजी नवरदेवाच्या आत्याच्या मालकांना आधी फेटा बांधला, म्हणून तेही रुसले होते. आणि उकंडरावांचं रुसणं म्हणजे ऐरागैरा प्रकार नव्हे. स्वतःच्या लग्नात ते रुसले, तर त्यांची समजूत निघेपर्यंत मांडवाच्या मेढींना पालवी फुटली, असं त्यांच्या सुलतानपूरचे लोक सांगतात. पालवी नव्हे, निंबोळ्या लागल्या होत्या, असं खुद्द उकंडराव सांगतात.

“ते तं तिकडं बंडीत रुसून बसले,” सत्यभामा म्हणाली. “आधी त्याइले कोनी बलावलं पाह्यजे.”

“मंग बलावा न!”

“बलावन कोन? सारं गाव तुम्हाले मनवून राह्यलं!”

हिंमतरावानं आवंढा गिळला. तेवढंच त्याच्या पोटात गेलं.

सत्यभामेनं मागं उभ्या असलेल्या आपल्या आत्याचं लुगडं ओढलं. “आत्या, त्या मामाले फेटा बांधा वो कोनी.”

“थांब वो बाई,” रुक्मिणीआत्या खेकसली, “आधी याचा रुसवा निघू दे. एका टायमाले किती जनं मनवावं मानसानं?”

तेवढ्यात मोतीराम गोठ्यातून आले. हातात दावं आणि मागं कपिला, घरातली एकुलती दुभती गाय. तिच्याच दुधावर सत्यभामेचा तान्हा भाऊ वाढत होता.

“घ्या,” मोतीराम म्हणाले. त्यांनी दावं पुढं केलं.

हिंमतरावानं बंडीकडं कान लावला. काही नाही.

सत्यभामेनं बाशिंग वर सारलं. ताट आपल्याकडं ओढलं, पोळीचा मोठा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

“अवो माय! नवरदेवाच्या आधी?” रुक्मिणीआत्या किंचाळली.

“ताट तं एकच हाय न? त्यातला घास उचलला का पंगतीनं जेवावं, असं ठरलं होतं. हात कोनाचा, हे सुपारीत कोनी इचारलं होतं?” ती चावता चावता म्हणाली. “बा, गाय बांधा.”

तोवर पंगत तुटून पडली होती. भुरक्यांचा असा आवाज उठला की पार मेहकरात बायकांनी पाऊस आला समजून वाळवणं उचलली. मोतीराम दावं धरून उभेच राहिले. कपिलेनं मान वर करून मांडवाची हिरवी डहाळी ओढली आणि तीही जेवायला लागली.

बंडीतले उकंडराव गर्रकन वळले. त्यांनी खाकरून पाहिलं. कोणी बघेना. आणखी जोरानं खाकरले. मग असे खाकरले की बसलेले बैल उठून उभे राहिले.

हिंमतरावाचे डोळे चमकले. त्यानं ताटाकडं हात नेला. ताटात अर्धा लाडू उरला होता.

सत्यभामेनं तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि मागं वळून म्हणाली, “आत्या, त्या मामाले पानी नेऊन द्या वो. ठसका लागला वाटते.”