मालकाच्या हुकमावरून
खटला जितका लांबेल तितका आगाशेंचा फायदाच होता. जुन्या भाडेकायद्याच्या कृपेने सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या त्यांना चहाच्या भावात पडत होत्या. घरमालक कोर्टात म्हणाले, “मुलाचं लग्न ठरलंय, जागा आम्हालाच राहायला हवी.” आगाशे म्हणाले, “मला दुसरं छप्पर नाही हो!” कंटाळून मालक मुलासाठी धायरीत फ्लॅट बघायला गेले. शेजारच्या दारावर पाटी होती: ‘भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकू नयेत. मालकाच्या हुकमावरून, श्रीनिवास आगाशे.’ त्यांनी फोटो काढला. कोर्टात तो पाहून आगाशे म्हणाले, “शुद्धलेखन तरी बिनचूक आहे ना?” खोल्या गेल्या तसा आगाशेंनी धायरीतल्या भाडेकरूला, ऋचाला फोन केला, “जागा आम्हालाच राहायला हवी.” तिचा करार नव्या कायद्यातला, अकरा महिन्यांचा, दाव्याचा प्रश्नच नव्हता. मालक जिंकले, आगाशे हरले. टेम्पोचं भाडं मात्र ऋचाने भरलं.