गोल पेनी

सासऱ्यांनी जन्मभर शेफील्डच्या कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवलेलं. मी लिलावातून त्यांच्याच वयाचं लेथ आणलं, तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवून मुलीला सुनावलं, "हेझल, बेअरिंग खिळखिळं, खालचा बेडचा पाटा झिजलेला. तुझ्या नवऱ्यानं भंगार आणलंय!" वर्षभर मी ते शेडमध्ये खोलून, घासून, जुळवून पुन्हा बांधलं. आज सासऱ्यांनी ठरवलेली परीक्षा होती. यंत्र जराही थरथरत नाही हे दाखवायला चालत्या लेथवर नाणं काठावर उभं राहिलं पाहिजे. पडलं तर लेथ भंगारात. मी पाउंडचं नाणं काढलं. "बारा कोपऱ्यांचं? ते गाढवाच्या पाठीवरही उभं राहील, जावईबापू!" त्यांनी खिशातून जुनी, गोल पेनी काढून लेथवर उभी केली. मी बटण दाबलं. पट्टा फिरला. पेनी उभीच. वेग वाढवला. पेनी उभीच. सासऱ्यांनी वाकून पेनी निरखली. ते दाराकडे वळून ओरडले, "हेझल, धावत ये! आपण कसलं भारी लेथ घेतलंय बघ!"